दाबून ठेवलेलं बटण

— नाही, ती पेटी आधी खाली ठेवा. मांडीवर घेऊन बसलात तर मला सारखं वाटत राहणार की आत्ता उठताय, आणि रिकामीच घेऊन उठताय — ते तर होणारच आहे, पण चहा पिऊन जा ना. पंखा ह्याच्यापेक्षा जोरात फिरत नाही आमचा. हां, आता ठीक. नाव काय म्हणालात? जितेंद्र. तर जितेंद्र साहेब, तुम्ही कंपनीचे, मान्य. गळ्यात कार्ड आहे, मान्य. स्टडी संपली, कंपनी दुसऱ्या कुणीतरी घेतली, नव्या मालकांना असले यंत्राचे हात बनवायचे नाहीत — हे पण तुम्ही नीट समजावलंत, एकदा मराठीत, एकदा हिंदीत, माझा काही राग नाही. पण त्याच्यापुढे तुम्ही जे म्हणालात ना — सरोजाबाई, इथे सही करा, मग डॉक्टर तारीख देतील, आतल्या वायरी काढून टाकू, आणि बाहेरचा हात आजच माझ्याकडे द्या — ते जमायचं नाही. तुम्ही जिना चढायच्या आधी मी खिडकीतून बघितलं होतं. पेटी दिसली तेव्हाच ठरवलं.

आणि सही करू कशानं, ते सांगा. हसू नका, खरंच विचारतेय. तुमच्या पहिल्या कागदावर मी डाव्या हातानं सही केली होती. पहिलीतल्या पोरीनं लिहावं तसं — सरो वर आणि जा ओळीच्या खाली. आता ह्या हातानं करते. हे बघा, पेन असं धरायचं — पकड यायला जरा वेळ लागतो, थांबा — हां, आली. बँकेत जाऊन सही बदलून घेतलीय मी. मॅनेजर उठून उभा राहिला बघायला. आणि तुमचा कागद म्हणतो, ह्याच हातानं लिहून द्या की हा हात घेऊन जा. लिहिणाऱ्यानं एवढा तरी विचार केला होता का? नसणारच केला.

तुम्ही नवीन आहात म्हणून पहिल्यापासून सांगते. मी स्टीलच्या गाळ्यात कामाला होते, इथंच, भाईंदर ईस्टला, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या रस्त्यानं गेलं की पत्र्याचे गाळे लागतात त्यातल्या एकात. वाट्या बनवायचो. जेवायच्या वाट्या असतात ना आपल्या, त्या. गोल पत्रा आत ठेवायचा, प्रेस खाली येतो, वाटी तयार. अकरा वर्षं केलं. मग एक दिवस मशीननं डबल मारला — म्हणजे एकदा दाबलं तर प्रेस दोनदा खाली आला — आणि उजवा हात गेला. कोपराच्या खाली एवढाच राहिला, चार बोटांच्या रुंदीएवढा. तुमच्या फायलीत आहे हे सगळं. ‘मशीन फॉल्ट’ असं इंग्लिशमध्ये लिहिलंय, आमच्या संघप्रियानं वाचून दाखवलं होतं. माझी मुलगी. तेव्हा चार वर्षांची होती, आता बारावीला आहे. बारा वर्षं मी एका हातानं संसार केला, साहेब. केला म्हणजे केला, मला रडगाणं गायचं नाही. एका हातानं कणीक मळता येते. भाकरी थापता येत नाही. कोंडिराम — आमचे मिस्टर — सकाळी ड्युटीला जायच्या आधी कांदे चिरून ठेवायचे आणि संघप्रियाची वेणी घालायचे. वेणी कसली, दोरखंड वळायचे नुसता.

मग इशिता भेटली. तुमची इंजिनियर — होती. तिला पण काढलंत ना? माहितेय मला, फोन आला होता तिचा, पोरगी रडत होती. तर ऑपरेशन करून इथे, दंडात, कातडीखाली चकती बसवली. नाण्याएवढी. तिच्यातून आठ वायरी, केसासारख्या बारीक, ह्या उरलेल्या हातातल्या स्नायूंत आणि नसांत. डोक्यात आलं की हात हलवायचाय, की ते नसेत उतरतं, वायर पकडते, चकती बाहेरच्या हाताला सांगते. एवढं मला कळलं आणि एवढं पुरे. पण चालत नव्हतं हो. तीन महिने नुसती जात होते, मंगळवारी आणि शुक्रवारी. स्क्रीनवर एक हात दाखवायचे आणि म्हणायचे, मनातल्या मनात मूठ उघडा. आता कशी उघडू? हात गेला होता पण मूठ गेली नव्हती माझी. आवळलेली. नखं तळहातात रुतल्यासारखी, बारा वर्षं, रात्रंदिवस, नसलेल्या हातात. डॉक्टर म्हणायचे, होतं असं. ती उघडतच नव्हती. कॉम्प्युटरवर सगळ्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या, आणि तुमचे मोठे सर म्हणाले, ह्या चार नंबरचं काही होणार नाही, वायरी काढा.

चार नंबर म्हणजे मी. आम्ही सहा जण होतो. नावं फायलीत लिहायची नाहीत म्हणून नंबर. तर इशितानं मला विचारलं, मावशी, ह्या हातानं रोज काय करायचा तुम्ही, असं की जे करताना विचारच करावा लागत नाही? मी म्हटलं, भाकरी. आम्ही परभणीकडचे, आमच्याकडे ज्वारीची भाकरी नाही तर जेवणच नाही. पुढच्या मंगळवारी ती पोरगी परात घेऊन आली. त्या एसीतल्या लॅबमध्ये, परात आणि ज्वारीचं पीठ. मी डाव्या हातानं थापायला लागले आणि उजवा, नसलेला, आपोआप शेजारी आला. आधी तळहाताच्या गादीनं, मग बोटं पसरून, मग करंगळीकडून कड फिरवत फिरवत — आणि इशिता ओरडली, मावशी, थांबू नका. रेघा सुटल्या. एक एक बोट वेगळं. मूठ उघडली माझी, साहेब. बारा वर्षांनी. मी त्या पिठात डोकं ठेवून रडले, आणि मोठे सर आत येऊन म्हणाले, मशीनवर पीठ कुणी सांडलं.

जाऊन बघा तुमच्या कॉम्प्युटरवर. फायलींची नावं आहेत, भाकरी एक, भाकरी दोन, एकशे बारापर्यंत. तिथून पुढे तिनं सगळ्यांनाच त्यांचं त्यांचं काम विचारलं. उत्तनचा हरिश्चंद्र आहे ना, बोटीवरचा — तो मनात जाळं ओढायचा. त्याचा हात माझ्या आधी चालायला लागला. मग तुमचे सर परदेशात जाऊन आले, पडद्यावर माझा हात दाखवला, तोंड झाकून. आणि आता तुमच्या कागदात माझं नाव पेशंट. काय पेशंट? औषध कुठलं घेतलं मी? अकरा महिने मी त्या यंत्राला शिकवलं, वाटी कशी धरायची, अंडं कसं धरायचं. शिकवणाऱ्याला पेशंट म्हणतात होय तुमच्यात?

काय? हरिश्चंद्रनं दिला?

कधी — सोमवारी. सही केली आणि दिला. आणि बाकीच्यांनी? सगळ्यांनी. म्हणजे मीच राहिले. बरं. घ्या, चहा घ्या, साय धरेल.

त्यांनी दिला असेल. त्यांची घरं वेगळी, मी कोण बोलणार. हरिश्चंद्रला वाटलं असेल कंपनीचा माल आहे, आपण कोळी माणूस, भांडायचं कुणाशी. मी वाचलाय तो कागद. मी म्हणजे संघप्रियानं, डिक्शनरी घेऊन, दोन रात्री. अकराव्या पानावर लिहिलंय की अंगातलं काढायचं की नाही ते भाग घेणाऱ्यानं ठरवायचं. हो ना? मान हलवलीत, म्हणजे तुम्ही पण वाचलंय. आणि बाहेरचा हात कंपनीचा, हे पण लिहिलंय, ते मी लपवत नाही. पण मला सांगा, तो हात नेऊन करणार काय? तुमच्या त्या हाताला माझ्याशिवाय करंगळी हलवता येत नाही. कपाटात ठेवणार, नाहीतर भंगारात. आणि मी आठ वायरी दंडात घेऊन बसणार, घंटी आहे पण दार नाही अशी. बॅटरी दोन-तीन वर्षांनी जाईल, कुणी दुरुस्त करणार नाही — ऐकलं ते. जाईल तेव्हा जाईल. घेऊनच जायचा तर पोलीस आणा, पंच आणा, आणि पंचनाम्यात लिहा, बाईच्या अंगावरून हात काढून घेतला. खाली सही तुमची करा.

ह्या हाताला कळतं, साहेब. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. दोन वायरी उलट्या येतात, बोटाकडून माझ्याकडे. सुरुवातीला नुसत्या मुंग्या. मग हळूहळू कळायला लागलं, हे कडक, हे मऊ, हे आता सुटतंय. जयंतीला विहारात मेणबत्ती मी ह्या हातानं लावली. आणि संघप्रियाची वेणी — सतरा वर्षांची घोडी, शाळेत असताना मुली हसायच्या तिच्या वेणीला, पण मला कधी बोलली नाही. पहिल्यांदा घातली तेव्हा तीन पेडांतला मधला पेड मला बोटांत कळला. ती आरशात बघत नव्हती, माझ्या हाताकडे पण बघत नव्हती, मुद्दाम. घट्ट झाली का गं विचारलं तर म्हणाली, होऊ दे. मला तेवढ्यासाठी हा हात पाहिजे. बाकी सगळं मी डाव्यानं करीन.

कुठे बघताय? ते काही नाही. चिंधी आहे. घाम येतो ना, कातडीला लागतं, म्हणून. नाही, सोडू नका तिला, राहू दे — म्हटलं ना, राहू दे.

बरं, तुम्हाला माहितेय ते बटण. मग विचारता कशाला? हो, तेच, विश्रांतीचं. तासभर हात चालला की ते आपोआप वर येतं आणि पंधरा मिनिटं हात बंद. चकती तापते म्हणून. आणि चिंधी कोंबली की वर येत नाही. झालं? सापडली चोरी? शांती नगरमध्ये माझी बारा घरं आहेत. सगळी ऑफिसवाली माणसं, घरी भाकरी येत नाही कुणाला, संध्याकाळी सत्तर-ऐंशी भाकऱ्या जातात माझ्या. तवा तापलाय, पीठ मळलंय, गोळा हातावर आहे आणि हा म्हणणार, मी पंधरा मिनिटं झोपतो. कसं चालेल? पाण्यात घालायचा नाही, पिठात घालायचा नाही, हे पण लिहिलंय तुमच्या कागदात — मी प्लॅस्टिकची पिशवी बांधते वरून. लिहा. लिहून घ्या सगळं, वापर चुकीचा म्हणून जप्त करा. दंड? दंडाला काय झालंय. जरा कोमट लागतो. संध्याकाळी. लाल दिसतं ते खाजवलं मी. तुम्ही डॉक्टर आहात? नाही ना? मग मला नका सांगू की बटण दाबून ठेवलं तर काय होतं. बटण दाबून ठेवलं की काय होतं ते तुमच्या अख्ख्या कंपनीपेक्षा मला जास्त माहितेय.

प्रेसला पण असतात. दोन बटणं, हिरवी, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. का, तर तुमचे दोन्ही हात बाहेर राहावेत. चांगली सोय आहे. पण त्यात वेळ जातो ना — पत्रा ठेवा, दोन्ही हात बाहेर काढा, दाबा, वाटी काढा, परत. मी लागले तेव्हा शेजारच्या बाईनं पहिल्याच दिवशी शिकवलं, उजव्या बटणात चिंधी कोंबायची. मग ते दाबलेलंच राहतं. डावा हात बटणावर, उजवा आत-बाहेर. सगळ्याच करायच्या, आणि साहेब लोक तपासायला येणार असले की सगळ्यांच्या चिंध्या कमरेला. मग त्या दिवशी पत्रा तिरका बसला. एवढासा. मी सरळ करायला उजवा परत आत घातला आणि डावा — अकरा वर्षांची सवय त्याला, तो थांबला नाही. त्यानं दाबलं.

नाही. डबल नाही मारला. एकदाच मारला मशीननं.

आता बोललेच आहे तर ऐका. हात आत होता, साहेब, अजून आत होता, आणि मी ओरडायच्या आधी डाव्या हातानं ती चिंधी काढली आणि ब्लाउजमध्ये खोचली. पहिलं काम ते केलं. कारण चिंधी दिसली असती तर म्हणाले असते, बाईचीच चूक, आणि भरपाई राहिली असती, आणि घरी चार वर्षांची पोर. मग सगळे धावत आले. मी म्हटलं, मशीननं डबल मारला. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्या बायकांना माहीत होतं, त्यांच्या पण मशीनमध्ये चिंध्या होत्या, कोण बोलणार? मग मशीन बघायचं काम कुणाचं होतं? धर्माजीचं. फिटर. त्याला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या कुठल्या गाळ्यानं घेतला नाही, म्हणाले, ह्याच्या मशीननं बाईचा हात घेतला.

आणि तो हॉस्पिटलमध्ये आला. केळी घेऊन. पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, ताई, मी सकाळी चेक केलं होतं हो, बरोबर होतं, पण काहीतरी राहिलं असेल माझ्याकडून, माफ करा. त्यानं माझी माफी मागितली. मी काय केलं? मी तोंड भिंतीकडे फिरवलं. कोंडिरामना वाटलं मी रागावलेय, त्यांनी त्याला बाहेर काढलं. त्यांना आजपर्यंत माहीत नाही. संघप्रियाला नाही. इशिताला पण नाही सांगितलं मी, त्या मुठीबद्दल एवढं विचारायची ती, कधीपासून आवळलीय, का आवळलीय. तो आता केबिन रोडला असतो, कपड्याच्या दुकानाबाहेर वॉचमन, निळा शर्ट. मी पलीकडच्या फुटपाथनं जाते. तेरा वर्षं झाली, पलीकडच्या फुटपाथनं जाते.

तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुम्ही परत येणार नाही म्हणून असेल. थांबा, पेन खिशात घालू नका. बसा. मला जरा बघू द्या.

तशीच घातलीय बघा. घडी पण तीच, दुहेरी, टोक आत. मला कळलं पण नाही. तिकडे हात घेतला ह्या घडीनं आणि मी परत — स्वतःच्या हातानं —

हे घ्या. काढली. ऐकलं? टक. तेच बटण. आता बघा, बोटं उघडतील एक एक आणि हात झोपेल. पंधरा मिनिटं. झोपू दे. रोज झोपेल आता तासातासाला, भाकऱ्या पन्नासच होतील, शांती नगरवाल्यांनी बाकीचे पाव खावेत. आणि दंड मी उद्या सरकारी दवाखान्यात दाखवीन, त्यासाठी मला तुमची तारीख नको. तुम्ही ती चिंधी उचला. उचला, घाण नाही, पीठ आहे. पेटीत ठेवा. फोम कापलाय ना आत हाताच्या आकाराचा, त्यात ठेवा आणि कंपनीला सांगा, चार नंबरनं एवढंच परत दिलं. हात देत नाही. वायरी देत नाही. सही पण करत नाही, डाव्यानंसुद्धा नाही. नोटीस पाठवा, वकील पाठवा, त्यांना पण चहा देईन.

निघा आता. चहा राहिला तर राहू दे. मला आवरायचंय, हा जागा झाला की केबिन रोडला जायचंय, अलीकडच्या फुटपाथनं. त्या माणसापुढे मला हात जोडायचेत, आणि ते एका हातानं होत नाही. जाताना दार ओढून घ्या.